बिननावाचं उत्तर

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, त्यामुळे आमच्या वाट्याला ते तेवढ्या एका रविवारी येतात. बाकीचे रविवार वडील मंडळातलं, म्हणजे मंडळीच्या पंचांपैकी, कुणीतरी उभं राहतं आणि मागच्या वर्षीचंच बोलतं. प्रभुभोजनाचा द्राक्षारस आमच्याकडे विकत आणत नाहीत. सोनईच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, शनिवारी दुपारी भिजत घालायच्या, संध्याकाळी हाताने कुस्करायच्या, एक उकळी द्यायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायच्या. त्याचं पातेलं वेगळं, फडकं वेगळं. दुसऱ्या दिवशी उरेल ते मोरीत ओतायचं नाही, देवळामागच्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतायचं. चर्चला आमच्यातली जुनी माणसं देऊळच म्हणतात आणि मीही आता जुन्यातच जमा आहे.

हे काम सासूबाईंकडून आमच्या घरात आलं. त्यांच्यानंतर ते मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी करायचो. खरं सांगायचं तर ती करायची. मी शाळेत शिक्षिका. शनिवारची सकाळची शाळा करून आले की दमलेली असायचे आणि दारात उभी राहून "अजून कुस्कर, चोथ्यात रस राहिलाय" एवढं म्हणायचे.

गेली दोन वर्षं ते मी एकटी करते. जाऊ शेजारीच राहते, दोन घरांना मधली भिंत एकच आहे. पण ती त्या पातेल्याला हात लावत नाही आणि प्रभुभोजनही घेत नाही. का घेत नाही, हे सबंध मंडळीत मला एकटीलाच माहीत होतं, कारण तिला तिथून उठवणारी मीच. आणि तेसुद्धा स्वतःचं नाव न सांगता.

त्याचं असं झालं. मी निवृत्त झाले त्या वर्षी लेकीने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. मराठी ख्रिस्ती लोकांचं. तिथे कुणीही काहीही विचारायचं आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. नाव, गाव, फोटो काही नाही, फक्त एक नंबर. मला बावन्न नंबर मिळाला. "आई, तुझा दिवस जाईल चांगला," लेक म्हणाली. दिवस गेला, आणि चांगलाच गेला.

मला तिथे का आवडलं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्या वडील मंडळात बायका नाहीत. बत्तीस वर्षं मी शिकवलं, पवित्र शास्त्र तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मंडळीतल्या निम्म्या वडिलांना बाराखडी मीच गिरवायला लावलेली. तरी रविवारी मी काय करायचं, तर सतरंजी झटकायची आणि मनुका भिजवायच्या. कधी उपदेशातली चूक दाखवलीच तर आमचे हे घरी येऊन म्हणायचे, "चारचौघांत तोंड आवर जरा." आणि इथे या फोनमध्ये मी दोन ओळी लिहिल्या की लोक म्हणत, 'धन्यवाद सर', 'पाळकसाहेब, आणखी समजावून सांगा'. बावन्न नंबर ही बाई आहे असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मीही सांगितलं नाही. सर म्हटलेलं मला गोड लागायचं.

तिथे वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. नवरा वडील मंडळात आणि घरी मारतो, असं एका बाईने तिथे पहिल्यांदा लिहिलं. ते ती कुठल्या देवळात उभी राहून बोलणार होती? एका मुलीने लिहिलं की नोकरीच्या ठिकाणी मी ख्रिस्ती आहे हे सांगत नाही, मला लाज वाटते आणि मग त्या लाजेची लाज वाटते. अशा माणसांना चार बरे शब्दही मिळायचे. पण बरे शब्द लिहिणारे थोडे, आणि निकाल देणारे फार. कोण तारला गेला, कोण गेला नाही, कुणाचा बाप्तिस्मा खरा, कुणाचा खोटा, याचे निवाडे दुपारच्या जेवणानंतर आडव्या पडलेल्या लोकांकडून भराभर व्हायचे. त्या आडव्या पडलेल्यांत मी सगळ्यांच्या पुढे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. इथे जीभही उचलावी लागत नव्हती, बोट पुरत होतं.

त्याच सुमारास माझे दीर वारले. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा जाऊ त्यांना एसटीने नगरला डायलिसिसला न्यायची आणि परत येताना ते खिडकीला डोकं टेकून झोपत म्हणून स्वतः दांड्याला धरून उभी राहायची. मंडळीने उपास केले, साखळी प्रार्थना केली. बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते, त्यांनी दिरांच्या डोक्यावर हात ठेवून भर सभेत जाहीर केलं की देवाने यांना बरं केलं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ रडत होती, मीही रडले. त्यानंतर चार महिन्यांनी आम्ही त्यांना मातीला नेलं.

पुढे बायका तिच्याकडे सांत्वनाला यायच्या आणि जाताना हळूच म्हणायच्या, "इश्वासात कुठं तरी कमी पडलं बघ." ती चहा करायची. रविवारी माझ्या शेजारी बसायची, गाणं म्हणायची, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विचारायची, "ताई, मनुका किती आनू?" मला वाटलं, सावरली. भिंतीपलीकडचं माणूस सावरलं की नाही हे बघायला मी कधी तिच्या घरात निवांत बसले नाही. मला वेळ कुठे होता? मी लोकांचे प्रश्न सोडवत होते.

एका दुपारी अ‍ॅपवर एकशे नऊ नंबरने विचारलं. ते शब्द मला पाठ आहेत.

'मी प्रभुभोजनाच्या मनुका भिजवते. घरातलं माणूस गेल्यापासून प्रार्थनेला डोळे मिटते पण पलीकडे कोणी आहे असं वाटत नाही. हे कोणाला सांगता येत नाही. माझ्या हातचं चालेल का?'

मनुका वाचून मी ओळखायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण नगर जिल्ह्यात गावोगाव मंडळ्या आहेत, आणि किती घरांत शनिवारी मनुका भिजत पडतात कोण जाणे. शिवाय ते शुद्ध लिहिलं होतं, आणि माझी जाऊ बोलते तशी लिहिणार नाही एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. ती सातवी शिकलेली आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे सगळं मला माहीत होतं, पण मी बघितलं फक्त प्रश्नाकडे, आणि प्रश्न दिसला की मला उत्तर सुचतं. वाईट खोड.

मी लिहिलं की हा प्रभूच्या मेजाचा अपमान आहे. अयोग्य रीतीने खाणाऱ्या-पिणाऱ्याला शास्त्रात जी ताकीद आहे, ती लिहिली. शेवटी लिहिलं, 'ज्या हातात विश्वास नाही तो हात त्या भांड्याला लावू नये. आपण दूर राहावे, हेच मंडळीच्या आणि आपल्या हिताचे.'

त्याच ताकिदीच्या पुढे, माणसाने स्वतःला तपासावं आणि मग यावं, असं आहे. यावं, असं आहे. दूर राहावं असं कुठेच नाही. मला ते ठाऊक होतं. पण ते घातलं असतं तर उत्तराची धार गेली असती, म्हणून मी ते गाळलं. माझ्या उत्तराखाली अकरा जणांनी 'आमेन' लिहिलं. मी फोन उशाशी ठेवला आणि मला छान झोप लागली.

त्याच शनिवारी दुपारी जाऊ माझ्या दारात आली. हातात ते पातेलं, त्यात घडी घातलेलं फडकं आणि मनुकांची पुडी.

"ताई, हे तुमच्याकडं ठिवा."

"का गं? बरं नाही का?"

"बरी हाय. पन माझा हात त्येला लागू न्हाई आता."

मी पातेलं हातात घेतलं. माझंच वाक्य माझ्या दारात उभं होतं. ती गेली, तिच्या घराची कडी लागली, आणि मी पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. त्या क्षणी भिंतीपलीकडे गेले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं की तुझा प्रश्न मी वाचला, आणि बावन्न नंबर म्हणजे मीच. मला लाज वाटली. शिवाय आत कुठेतरी एक चोर विचारही होता, की तिला कुठे माहीत आहे?

दुसऱ्या दिवशी देवळात ट्रे फिरला. आमच्याकडे बारक्या काचेच्या पेल्यांचा लाकडी ट्रे आहे, तो रांगेतून हातोहात जातो. माझ्याकडून तो जावेकडे गेला. तिने दोन्ही हातांनी धरला, एकही पेला न उचलता पुढच्या बाईकडे दिला आणि हात मांडीवर ठेवले. ती पुढची बाई जरा थबकली. एवढंच. पण लहान मंडळीत एवढं पुरतं.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्यात प्रभुभोजन न घेणं म्हणजे आपल्या हाताने कबूल करणं, की काहीतरी पाप आहे. आणि विधवा बाई प्रभुभोजन घेत नाही म्हटल्यावर पाप कसलं, हे लोकांनीच ठरवलं. तिच्याकडे दुधाचा रतीब घालणारा माणूस होता, त्याच्यावरून कुजबुज सुरू झाली. पाण्याची मोटार दुरुस्त करायला वायरमन आला, त्याच्यावरून झाली. तीन महिन्यांत तिने पहिल्या रविवारी येणं सोडलं, आणि दिवाळीच्या पुढे बाकीच्या रविवारीही. वडील मंडळातून दोघं तिला समज द्यायला गेले, त्यात आमचे हे होते. परत येऊन म्हणाले, "काही बोलतच नाही. काहीतरी आहे खरं." मी ताट वाढत होते. मी म्हणाले, "भाजी गार होतेय."

माझ्या आयुष्यात मी केलेलं सर्वांत वाईट काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्या उत्तराचं नाव घेणार नाही. ते 'भाजी गार होतेय' हे होतं.

दुरुस्त करायचा प्रयत्न मी केला, पण तोही बुरख्याआडून. अ‍ॅपवर जाऊन एकशे नऊला लिहिलं, 'माझं उत्तर चुकलं. तुम्ही जरूर प्रभुभोजन घ्या.' खाली लिहून आलं की हा सभासद आता इथे नाही. मग मी सगळ्यांनाच विचारलं, 'मी एका दुःखी माणसाला कठोर उत्तर दिलं. त्याने ते मनावर घेतलं. आता मी काय करू?' सतरा उत्तरं आली. एकाने लिहिलं, सत्य कठोरच असतं, पश्चात्ताप कसला करता. एकाने लिहिलं, तुमच्यासारख्या खोट्या शिक्षकांच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्यांना समुद्रात बुडवलं पाहिजे. दोघं आपापसांत भांडायला लागले, की प्रभुभोजनाला रस चालतो की खरा द्राक्षारसच हवा, आणि बाकीची बरीचशी उत्तरं त्याच भांडणात वाहून गेली. वाचताना मला जात्याच्या तळीवाल्याचा राग आला. मग कळलं, हा तर मीच आहे, फक्त नंबर वेगळा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; आमची तिथे सगळी जत्राच पाषाणांची.

एका नंबरने मात्र एकच ओळ लिहिली होती. 'त्यांचं घर माहीत असेल तर घरी जा.'

घर माहीत होतं. माझ्या पलंगाच्या उशाला लागून जी भिंत, तिच्या पलीकडे. त्या घरी जायला मला आणखी पाच महिने लागले. मधल्या काळात अ‍ॅप काढून टाकलं. लेक म्हणाली, "कंटाळलीस?" मी हो म्हणाले.

गेल्या महिन्यात, शुक्रवारी सकाळी, मी गेले. परवाला पहिला रविवार होता. जाऊ ओट्यावर बाजरी पाखडत बसली होती. वाळली आहे फार. मी जोत्यावर बसले आणि सुपाकडे बघत सगळं सांगितलं. फोन, बावन्न नंबर, तिचा प्रश्न, माझं उत्तर, झोप लागली तेसुद्धा. सांगताना माझा आवाज शाळेत निघायचा तसा निघत होता, आणि त्याचीही मला चीड येत होती.

सूप थांबलं.

"ताई, त्ये तुमी हुता?"

"मीच."

एक चिमणी बाजरीवर उतरली, तिला तिने हाकललं नाही.

"मला वाटलं, देवच बोलला," ती म्हणाली.

"असं कसं वाटलं तुला?"

"नाव न्हवतं ना त्येला. तुमी तोंडावर बोलला असता तर मी म्हनले असते, ताईंचं बोलनं हाय, दुपारपत्तुर निवल. चाळीस वरीस आयकतेय की तुमचं. तुमी रागावता आन् मग ताटलीवर ताटली झाकून भाजी धाडता. पन त्येला नाव न्हवतं, त्वांड न्हवतं. मला वाटलं, ज्येला इचारायचं हुतं त्येच्यापत्तुर पोचलं आन् त्येनं न्हाई म्हनलं."

मी रडायला लागले. ती रडली नाही. मी म्हणाले, "या रविवारी चल. मी पाळकसाहेबांना सांगते, सगळ्या मंडळीसमोर उभी राहून सांगते की चूक माझी होती."

"काय सांगाल?"

"की मी तुला..."

"मला इश्वास वाटत न्हाई, हे सांगाल? त्ये सांगितल्याबिगर तुमची चूक कशी सांगाल?"

एवढे दिवस मला वाटत होतं की मी हिंमत केली की सुटेल. ती गाठ माझ्या हिमतीने सुटणारी नव्हती. मी स्वतःला मोकळं करायला गेले तर ती उघडी पडणार होती, आणि लोकांनी आधीच तिला काही कमी उघडं पाडलेलं नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "रतीबवाल्याचं बोलत्यात त्येच बरं. त्ये खोटं हाय म्हनून सोसतं. ह्ये खरं हाय."

मी डोळे पुसले आणि उठायला लागले. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं, बऱ्याच दिवसांनी.

"बसा. आता तोंडावर इचारते. माझ्या हातचं चाललं असतं का, ताई?"

बत्तीस वर्षांत कुठल्याही पोराच्या प्रश्नाला मी गप्प बसले नव्हते. बावन्न नंबरने तर काय, जगाला उत्तरं वाटली. मी तोंड उघडलं. मला वचनं आठवली, या बाजूची चार आणि त्या बाजूची चार. एसटीच्या दांड्याला धरून उभी असलेली ती आठवली. भर सभेतल्या टाळ्या आठवल्या, त्यांत माझ्याही होत्या. आणि मला कळेना.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

तिने मान हलवली. सूप पुन्हा उचललं, दोनदा पाखडलं, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली,

"येवढंच लिहायचं हुतं, ताई. मी ऱ्हायले असते."